झोपवलेल्या गाड्या

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

खताच्या दुकानात जानेवारीत फुकट मिळालेली ही डायरी वर्षभर पिठाच्या डब्यावर पडून होती. आज झटकून लिहायला घेतली. बोलायचं कुणाशी? बोलले तर सगळे म्हणतील, अंजना म्हणजे भित्री भागूबाई. आहेच मी. लहानपणी दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये इंजिनाने शिट्टी दिली की मी कॉटखाली जायची. पण कालची गोष्ट शिट्टीवर भागणारी नाही.

इथं कुणी वाचत नाही, म्हणून नवऱ्याचं नाव घेते आणि अरेतुरेही करते. गोकुळ. शिरूरला त्याचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, खुर्शिदभाईंच्या भागीत. आमची वस्ती इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या अंगाला. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंनी नुसता ऊस, आणि त्या उसातून हा रोज दिवेलागणीनंतर मोटारसायकलवर घरी येतो.

काल आला तो गाडी ढकलत. गुडघा फुटलेला, हँडल वाकडं, शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटलेली.

"बिबट्या," एवढंच म्हणाला आणि ओट्यावर बसला. "कॅनॉलच्या वळणावर. एकदम आडवा आला."

सासूबाईंनी आधी दृष्ट काढली, मग जखम धुतली. तोवर शेजारचे हौसराव आबा काठी घेऊन आलेच.

"केवढा व्हता रं?"

"वासराएवढा. डोळं निखाऱ्यावानी."

"कुणीकडनं आला?"

"डावीकडनं... न्हाई, उजवीकडनं. आबा, अंधारात काय उमजतंय?"

आमच्या बाजूला बिबट्या काही नवलाचा नाही. पलीकडच्या गावांत तर बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जातात. पण आमच्या वस्तीला तो आजवर शिवला नव्हता. मला कालपासून एकच दिसतंय. एक दिवस मी दारात उभी राहणार आणि हा त्या रस्त्यावरून येणारच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वनखात्याचा माणूस आला होता. वळणावर जाऊन आला. डांबरी रस्ता, ठसा काही सापडला नाही. कॅनॉलच्या कामाचा मुरमाचा ढीग कुणीतरी रस्त्यातच टाकून ठेवलाय, त्यावर गोकुळच्या गाडीचं चाक थेट चढलेलं दिसलं म्हणाला. "एवढा ढीग समोर असताना माणूस त्यावर गाडी घालतो, म्हणजे किती घाबरला असेल बघा."

निघताना त्याने हात पुढे केला. गोकुळने तो घेतलाच नाही, तोंडाकडे बघत नुसता उभा. त्या माणसाने हात मागे घेतला आणि मला हळूच म्हणाला, "ताई, अजून धक्क्यात हायेत. जपा."

संध्याकाळी पिंजरा आला. त्यात आडोशाला एक शेळी बांधलीय. ती ओरडली की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. वस्तीत सगळे गोकुळला धन्यवाद देतायत, तुझ्यामुळं आमची पोरंबाळं सावध झाली म्हणून. हा मात्र खाली मान घालून बसतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आता हा चारलाच गॅरेज सोडतो. उन्हं असताना घरी. मी देवाला साखर ठेवली. बिबट्याने आमचा संसार सुधारला म्हणायचा, असं मी चेष्टेने म्हणाले तर ताटावरून उठला.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवीन काम निघालंय. भीती सगळीकडेच पसरली. रांजणगावच्या कंपन्यांनी दुसऱ्या पाळीच्या लोकांना बस सुरू केल्या, मोटारसायकलवर येऊ नका म्हणून सांगितलं. कारेगावात खोल्या करून राहणारी पोरं, कुणी बिहारचं, कुणी लातूरकडचं. त्यांच्या गाड्या दारात उन्हात उभ्या. काही जण काम सुटलं म्हणून गावी निघालेत, गाडी कुठं ठेवायची हा घोर.

गोकुळ म्हणाला, "त्या आपुन झोपवू."

गाडी झोपवायची हा त्याचा शब्द. उभी करून ठेवणं वेगळं आणि झोपवणं वेगळं. नुसती उभी केलेली गाडी सहा महिन्यांत मरते, असं तो म्हणतो. आबांचं पोल्ट्रीचं शेड रिकामं आहे, कोंबड्या मेल्यापासून. चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, खाली कोबा. आबा लगेच हो म्हणाले. गॅरेज खुर्शिदभाई बघणार, हा दिवसभर इथं माझ्या डोळ्यांसमोर. मला तर आनंद झाला. शिरूरची ये-जा संपली म्हणजे रस्ताच संपला.

खुर्शिदभाई मात्र खुश दिसले नाहीत. चहा घेताना म्हणाले, "वहिनी, ह्याचा हात असला की गाडी नुसत्या आवाजावर कळते. असला कारागीर शेडात कोंडायचा म्हंजी..." गोकुळने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी बशी तोंडाला लावली.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेड भरत आलं. काम बघायला मला आवडतं, म्हणून भाकरी झाल्या की तिकडेच जाते.

आधी गाडी धुऊन सुकवायची. जुनं ऑइल काढून नवं घालायचं, कारण जुन्या ऑइलात आंबट काहीतरी होतं आणि ते इंजिन खातं. बॅटरी काढून फळीवर, जमिनीवर नाही. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडायचं, दोनदा हलकी किक मारायची की ते सगळीकडे माखतं. चेनला ग्रीस. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबून वर पिशवी बांधायची, नाहीतर उंदीर बाळंत होतात. डबल स्टँडखाली विटा, म्हणजे टायर अधांतरी. शेवटी वरून सुती लुगडं. प्लॅस्टिक नको, त्याला आतून घाम येतो. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची जुनी लुगडी मी गोळा केली. आता शेडात रांगेने लग्नाच्या पंगतीला बाया बसल्यासारख्या दिसतात.

पेट्रोलचं मात्र दोन तऱ्हेचं असतं. चार-सहा महिन्यांसाठी असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही आणि गंज धरत नाही. वर्षानुवर्षांसाठी असेल तर उलट. टाकी पार कोरडी करायची, आत ऑइल फिरवून बंद करायची. आमच्याकडच्या सगळ्या भरलेल्या आहेत. "होली के बाद आऊँगा, भाभी," असं सांगून परवाच एक पोरगा गाडीच्या टाकीवर हात फिरवून गेला, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा. एवढ्या पेट्रोलपायी आबांना त्यांच्याच शेडात बिडी ओढायला बंदी आहे. ते बांधावर जाऊन ओढतात आणि तिथूनच सूचना देतात.

गोकुळ काम करताना बघतच नाही. मान वर, नजर पत्र्यावर, बोटं आपली खाली चालू. मी म्हटलं, "देवळात बसलाय का?" म्हणाला, "बोटाला कळतं." पण मग एक नट पडला तेव्हा तळहाताने सगळी जमीन चाचपत बसला. नट त्याच्या गुडघ्यापाशीच होता.

"अवं, हितंच हाय की! साप असता तर डसला असता."

त्यावर पाना फेकला त्याने. माझ्यावर नाही, भिंतीवर. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, फेकलेला पहिल्यांदाच बघितला.

६ डिसेंबर, शनिवार

काल हा आणि खुर्शिदभाई पुण्याला जाऊन आले. पार्ट आणायचे म्हणून गेले, आले ते हात हलवत. पार्ट नाहीत, पण ह्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

"वा! हिरो!" मी म्हणाले. "कुणासाठी एवढी फॅशन?"

हसला नाही. गाडीवरून उतरलेले खुर्शिदभाई पण हसले नाहीत. नंतर मी चुलीसाठी काटक्या आणायला शेडामागे गेले तर जाळीच्या पलीकडे दोघं बोलत होते.

"किती वर्सं म्हनला नक्की?" खुर्शिदभाई.

"ते कुणालाच सांगता येत न्हाई. एवढंच, की आता परतीचं काय न्हाई."

"वहिनीला सांगून टाक."

"अंजीला न्हाई सांगायचं. ती भिऊन मरंल."

परतीचं काय नाही? खुर्शिदभाईंचा मेहुणा तिकडं सौदीत, दम्मामला गॅरेजात आहे. दोन वर्षांच्या करारावर गेला होता, पाच झाली. गोकुळ परदेशी चाललाय की काय? की बाई आहे कुठं? चष्मा तर तसलाच आहे. रात्री जेवताना मी ताट त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं तर तो समोर वाट बघत बसला. मन इथं असलं तर ताट दिसेल ना.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वस्तीची दशा झालीय. पोरांना अंगणात सोडत नाहीत. शाळेत नेताना दोन बापे काठ्या घेऊन पुढं-मागं. शेतीची लाईट रात्रीचीच येते, पण पाणी द्यायला कुणी जात नाही. आबांच्या गव्हाची पाती पिवळी पडली. ते दिवसभर बांधावरून वावराकडे बघत बसतात. मीही सांजेला परसाकडे जायचं म्हणजे सासूबाईंना बरोबर नेते आणि वाटभर मोबाईलवर भजन लावते. सासूबाई म्हणतात, "बिबट्याला भजन आवडलं म्हंजी?"

पिंजरा तसाच रिकामा. शेळी हाडकली. गोकुळ रोज दुपारी तिला घास घालून येतो. आज परत आला आणि म्हणाला, "पिंजरा उचलायला सांगावा."

"येड लागलं का तुम्हाला?"

"नसंल तो आता."

"तुम्हीच बघितलाय ना?"

उठून शेडाकडे गेला. मला वाटतं त्या प्राण्याने ह्याच्या डोक्यात घर केलंय. दिवस मावळला की हा भिंतीला हात लावून चालतो. अंगणात गेला तर सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवतो, लहानपणी ठेवायचा तसा, असं त्या कौतुकाने सांगतात. एवढा दणकट गडी भीतीने असा मऊ पडलेला मला बघवत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज त्याने स्वतःची गाडी झोपवली. मी दारात उभी होते. त्याला मी दिसले नाही.

टाकी भरली नाही. नळी लावून सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, थेंब न् थेंब. टाकी उचलून उलटी केली, उन्हात वाळवली, आत ऑइल घालून हिंदकळवली. मग झाकण लावून बराच वेळ ती टाकी मांडीवर घेऊन बसला.

कोरडी टाकी म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे. बिबट्या महिन्या-दोन महिन्यांत धरला जाईल. त्याच्यासाठी कुणी टाकी कोरडी करत नाही. हा जाणार. पाच वर्षं, दहा वर्षं, देव जाणे. विचारायचं धाडस होत नाही, कारण विचारलं आणि हो म्हणाला तर? न विचारता निदान आजचा दिवस तरी माझा आहे.

३ जानेवारी २०२६, शनिवार

नवीन डायरी कुठली, हिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते. अक्षर लागलं तर लागलं.

काल सांजेला दौंडहून माझ्या भावाचा, पप्पूचा, फोन आला. "ताई, दादांना दवाखान्यात आणलंय. बोलत न्हाईत. तू ये." एवढंच, आणि फोन कट. परत लावला तर उचलेना. दादा म्हणजे आमचे वडील. मी तशीच चप्पल घालून उभी राहिले.

"चला."

गोकुळ म्हणाला, "खुर्शिदला फोन केलाय. टेम्पो घिऊन येतोय शिरूरवरनं. तासाभरात..."

"तासभर? तिकडं माझा बाप बोलायचा थांबलाय!"

"अंजे, मी न्हाई नेऊ शकत."

आबा होते, सासूबाई होत्या, आणखी दोघं-तिघं जमले होते. त्या सगळ्यांसमोर मी ते बोलले. "बिबट्याला एवढं भेता? आणू का बांगड्या? भरा हातात!"

गोकुळ तडक शेडात गेला. लुगडं ओढून काढलं, कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, बॅटरी जोडली, सायलेन्सरमधली चिंधी उपसली. मी मोबाईलचा उजेड धरला तर म्हणाला, "डोळ्यावर नको." बोटांनी प्लग बसवला. चौथ्या-पाचव्या किकला गाडीने धूर टाकला आणि उठली. बाहेर आलो तेव्हा पुरता अंधार झाला होता.

मी मागे बसले. तो सायकलच्या वेगाने चालवत होता. मला राग येत होता, रडूही येत होतं, आणि दोन्हीकडच्या उसात काहीतरी सळसळत होतं.

"बोलत ऱ्हा," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"रस्त्याचं बोल. फुडं काय हाय ते."

मला वाटलं, माझी भीती घालवायला म्हणतोय. "काय असणार, ऊस हाय. आता बाभळ आली. आता पत्र्याची खोली." मी बोलत गेले आणि गाडी जरा बरी चालायला लागली. मग समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन्ही दिवे मोठे. गोकुळने हँडल घट्ट धरलं. ट्रॅक्टर गेला. पुढे कॅनॉलचं वळण होतं, आणि गाडी सरळच चालली.

"वळण! अवं, वळा!"

त्याने हँडल फिरवलं, उलट्या बाजूला. मी ओरडले, ब्रेक लागला, चाक मऊ मातीत रुतलं. खाली कॅनॉलचं पाणी वाजत होतं, अगदी पायाखाली. इंजिन बंद पडलं.

"वळण दिसलं न्हाई का?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"न्हाई म्हंजी न्हाई, अंजे. अंधारात मला काय दिसत न्हाई. दिवा आला की नुसतं पांढरं, गेला की काळं. दोन वर्सं झाली. आता दिवसाबी कडंचं दिसत न्हाई, नळीतनं बघितल्यावानी दिसतं. पुण्याचा डॉक्टर म्हनला, ती नळी बारीक व्हत जाणार. औषध न्हाई."

"मग रोज कसं येत व्हता?"

"रस्ता पाठ व्हता. खड्डं सुदिक पाठ. त्या दिवशी मुरमाचा ढीग टाकला व्हता, तेवढा पाठ नव्हता."

मला समजायला वेळ लागला. "आन् बिबट्या?"

"कुणी नव्हतं. मी आपला पडलो. घरी येऊन काय सांगू? मेकॅनिकला दिसत न्हाई म्हनल्यावर गाडी कोण देणार हातात?"

मी त्याच्या पाठीत बुक्की मारली. मग आणखी एक. मग तिथंच त्याच्या पाठीला डोकं टेकून रडले. ज्या माणसाच्या वाटेकडे मी जीव मुठीत धरून डोळे लावत होते, तो दोन वर्षं आंधळ्यासारखा त्या वाटेने येत होता, आणि मी बिबट्याला घाबरत होते. आणि काल बांगड्यांचं बोलून मीच त्याला त्या अंधारात घातला. दोन हात पुढे कॅनॉल होता.

मधल्या उसात फोनला रेंज नसते, पुढं फाट्यावर टपरी आहे, तिथं येते. चालत निघालो. तो गाडी ढकलत होता, मी त्याच्या हातावर हात ठेवून हँडल सांभाळत होते, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड. कॅनॉलच्या पुलापाशी मी थांबले.

"का गं थांबलीस?"

"चप्पल निघाली."

"घाल. मी धरतो गाडी."

थोड्या वेळाने मी म्हणाले, चला. तो चालायला लागला. मीही चालले. माझे दात वाजत होते, तो म्हणाला थंडी पडलीय.

फाट्यावर पप्पूचा फोन लागला. दादांची साखर उतरली होती. सलाईन लावल्यावर उठून बसले आणि चहा बिनसाखरेचा का म्हणून नर्सशी भांडतायत. खुर्शिदभाई टेम्पो घेऊन आले, गाडी मागे चढवली. मग वाटेत मला म्हणाले, "माफ करा वहिनी. मला ठावं व्हतं. त्यानं पोरांची शपथ घातली व्हती, म्हंजी माझ्याच पोरांची." गोकुळ मध्ये बसला होता, डोळे उघडे, समोर बघत. त्याला समोर काय दिसत असेल, असा विचार करत मी दौंड येईपर्यंत त्याच्याकडेच बघत राहिले. दादांना बघून आज सकाळी परतलो.

४ जानेवारी, रविवार

सकाळी उठून त्याने आधी गाडीची टाकी पुन्हा कोरडी केली. मी कॅन धरला. या वेळी काही विचारायचं नव्हतं. मग दाढी केली, धुतलेला शर्ट घातला.

"आबांकडं जातो. समद्यांना बोलावून सांगून टाकतो. बिबट्या नव्हता, मी खोटं बोललो. पोरं कोंडून घातली, म्हाताऱ्याचा गहू वाळवला. आज पिंजरा उचलू दे, आज रातच्याला पाणी जाऊ दे वावरात."

मी पदराला हात पुसत बसले होते. रात्रभर मनात ठरवलं होतं की ही गोष्ट माझ्यापाशीच मरेल. त्याच्या डोळ्यांचं दुःख त्याला पुरे आहे, त्यात ही भर कशाला? पण आता हा जाऊन सांगणार, लोक हसतील, सोडून देतील, आणि आज संध्याकाळी पोरं पुलापर्यंत खेळायला जातील.

"बसा जरा," मी म्हणाले.

"आता आडवू नको."

"परवा पुलावर माझी चप्पल निघाली नव्हती."

तो उभाच राहिला. म्हणाला, "किती लांब व्हता?"

"ह्या उंबऱ्यापासून नळापर्यंत. रस्त्याच्या मधी."

"आन् मी तिथंच?"

"तुम्ही गाडी धरून हुबे व्हता. त्याच्याकडंच तोंड करून."

तो हळूहळू खाली बसला. भिंत चाचपून, मग जमीन चाचपून. दोन महिने सगळा गाव म्हणत होता की गोकुळ घाबरलाय. खरा घाबरलेला गोकुळ मी आज पहिल्यांदा बघितला. ओठ पांढरे झाले होते. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. माझी भीती कुठं गेली होती कुणास ठाऊक, बहुतेक ह्याला धरायला दोन्ही हात लागले म्हणून ती खाली पडली.

दोघंही गेलो. त्याने डोळ्यांचं सांगितलं, उभ्याने, एका दमात. मी पुलाचं सांगितलं. एक जण उठून थुंकला आणि निघून गेला, त्याची पोरगी महिनाभर शाळेला गेली नव्हती. आबा बिडी हातात धरून बसले होते, पेटवलीच नाही. मग म्हणाले, "गव्हाचं जाऊ दे. कॅनॉलात गेला असतास तर ह्या पोरीला काय सांगितलं असतं आमी? आदी डोळ्याचं बोलायचंस, गाढवा." आणि खिशातून मोबाईल काढून माझ्याकडे दिला, वनखात्याला लाव म्हणाले, पिंजरा पुलाकडं हलवायला सांग.

परत येताना उन्हं चांगली वर आली होती. गोकुळ माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, लोकांदेखत. वस्तीतल्या बाया बघत होत्या, बघू दे. बांधावर आल्यावर तो थांबला. दोन महिने ह्याने सगळ्या गावाला वासराएवढा, निखाऱ्याच्या डोळ्यांचा बिबट्या सांगितला होता. आता हळूच, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात मला विचारलं,

"कसा असतो गं?"

"लहान वाटला मला," मी म्हणाले. "कुत्र्यापरीस जरा लांब. पोट खपाटीला गेल्यालं. एक कान फाटका. आन् अंगावरचे ठिपके, जवळनं बघितलं तर ते ठिपके नसतातच, फुलं असतात, मधी मोकळी."

तो डोळे मिटून ऐकत होता. "अजून सांग," म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. शेपूट कसं होतं, पाऊल कसं टाकलं, उसात शिरताना एकदा मागे वळून कसं बघितलं. काही राहिलं तर ते त्याला परत कधी दिसणार नव्हतं.